जिथे कुणी ‘काही नाही’ म्हणालं नाही: साताऱ्यातल्या एका दवाखान्याचा रिव्ह्यू

मिक्सरच्या भांड्याचं झाकण सैल निघालं तेव्हा मी तीन परिच्छेदांचा रिव्ह्यू लिहिला होता, फोटोसकट. आणि ज्या दवाखान्यामुळे मी पुन्हा एसटीत बसायला लागले, त्याच्याबद्दल दीड वर्षात एक ओळ लिहिली नाही. कारण उघड आहे. गाव साताऱ्याएवढं, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. मानसोपचाराच्या दवाखान्याला चांदण्या दिल्या तर दुसऱ्या दिवशी परिपाठ सुरू व्हायच्या आत बातमी स्टाफरूममध्ये. म्हणून इथेही दवाखान्याचं नाव देत नाही. नाव नसलेल्या दवाखान्याचा रिव्ह्यू काय कामाचा, असं म्हणाल. पण तुमच्या गावात असा दवाखाना शोधताना काय बघायचं, ते मला जेवढं कळलं तेवढं लिहिते.

भीतीचा पहिला झटका आला तो खंबाटकीच्या बोगद्यात. भाच्याच्या साखरपुड्याला पुण्याला निघाले होते, एकटीच. पुढे एक ट्रक बंद पडलेला, त्यामुळे गाडी बोगद्यात मुंगीच्या पावलाने चाललेली. तेवढ्याशा थांबण्याची मला एरवी भीती वाटायचं काही कारण नव्हतं, वीस वर्षं जातेय मी त्या रस्त्याने. आधी कानात दडा बसल्यासारखं झालं. मग छाती अशी धडधडायला लागली की शेजारणीला ऐकू जाईल असं वाटलं. बोटांना मुंग्या, ओठांभोवती बधिरपणा, तळवे ओले. पुढच्या सीटचा दांडा मी घट्ट धरला होता, पण तो खरा नसून चित्रातला असावा तसा लांब दिसत होता. डोक्यात एकच वाक्य: मी आता मरणार, आणि ते स्वारगेट आल्यावर लोकांना कळणार.

कंडक्टर भला माणूस. बोगदा संपल्यावर गाडी थांबवली, पाणी दिलं, दोन बायका माझ्याबरोबर उतरल्या. हायवेलगतच्या एका रुग्णालयात नेलं. नाडी १२८, ब्लडप्रेशर वाढलेलं. पण ईसीजीची पट्टी बाहेर येईपर्यंत मी निम्मी बरी झाले होते. तेव्हा याचा अर्थ कळला नाही. ईसीजी नॉर्मल, रक्त तपासलं, तेही नॉर्मल. तरुण डॉक्टर म्हणाले, “काही नाही मॅडम, ॲसिडिटी आहे. टेन्शन घेऊ नका.” पित्ताच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं.

तीन आठवड्यांनी दुसरा, रात्री दोन वाजता, गाढ झोपेतून. स्वप्न नाही, काही नाही. उठून बसले तीच धडधडत. आमचे हे घाबरले, थेट हॉस्पिटल, रात्रभर आयसीयू, दुसऱ्या दिवशी टू-डी इको, मग ट्रेडमिलवर चालवलं. बिल १९,४०० रुपये. तिथले मोठे डॉक्टर फाइल बंद करत म्हणाले, “हार्टला काही नाही. एंजॉय करा.”

त्या दोन डॉक्टरांवर माझा राग तपासण्यांसाठी नाही. चव्वेचाळीस वर्षांची बाई छाती धरून आली तर ईसीजी काढायलाच हवा. मानसोपचारतज्ज्ञांनीही नंतर हेच सांगितलं: पहिल्यांदा तसं झालं तर आपल्या मनाने ‘पॅनिक असेल’ असं ठरवून घरी बसायचं नाही. त्यातून चढ चढताना छातीत दुखलं, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, शुगर-ब्लडप्रेशर असेल, तर मुळीच नाही. राग आहे तो ‘काही नाही’ या दोन शब्दांवर. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ आणि ‘काही नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. चौथीच्या मुलाचं गणित चुकलं आणि मी म्हटलं ‘काही नाही’, तर तो पुढचंही चुकवणार. मला काहीतरी झालं होतं. त्याला नाव होतं. ते कुणी उच्चारलं नाही, म्हणून ते मी माझ्या मनाने ठेवलं: मशिनला न सापडणारा हार्टचा आजार.

मग पाच महिने असे गेले. एसटी बंद. लग्नकार्यात दाराजवळची खुर्ची. पर्समध्ये जिभेखाली ठेवायची गोळी, शेजारच्या काकांकडून मागून आणलेली (हे कुणी करू नका, ती दुसऱ्याच्या हृदयासाठी लिहिलेली असते). दर रविवारी सकाळी मैत्रिणींबरोबर अजिंक्यतारा चढायचे, तोही सोडला, कारण चढताना छाती धडधडते. सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली, तडतडली, म्हणाल्या, “बघ, केवढी दृष्ट होती!” मी हसत नाही त्यांना. त्या दोन मिनिटांत त्यांचा हात माझ्या पाठीवर होता, आणि तोपर्यंतच्या उपचारांत ते सगळ्यात उपयोगी पडलेलं.

मधेच एक मोबाइल ॲपही घेऊन झालं. त्यात सात प्रश्न होते: गेल्या दोन आठवड्यांत काळजी थांबवता आली नाही असं किती दिवस झालं, वगैरे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. मला १६ पडले. पुढच्याच पडद्यावर ‘तुमची चिंता गंभीर आहे’ आणि खाली ४,९९९ रुपयांचं पॅकेज, आजच्या आज घेतलं तर सवलत. प्रश्न खोटे नव्हते. दवाखान्यातही मला नंतर तोच कागद भरायला दिला, त्याला जीएडी-७ म्हणतात, जगभर वापरतात. पण तो चाळणी परीक्षेसारखा आहे. चाळणीचे गुण म्हणजे निकाल नव्हे, हे मला दवाखान्यात समजावलं. ॲपने त्यावर दुकान मांडलं. एक चांदणी, तीही प्रश्नांचं मराठी बरं होतं म्हणून.

दवाखान्यापर्यंत पोचले ती १४४१६ मुळे. हा टेली-मानसचा नंबर, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला, चोवीस तास, फुकट. सरकारी म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं (स्वतः सरकारी पगार घेऊन). एका रात्री पुन्हा तसं व्हायला लागलं, ह्यांना उठवायची लाज वाटली, गॅलरीत जाऊन फोन लावला. मराठीचा पर्याय होता. पलीकडच्या ताईंनी आधी विचारलं, छातीची तपासणी झालीय का. मग विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. इतकं सरळ कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी “नाही हो” म्हटलं आणि का कोण जाणे, रडू आलं. त्यांनी पाय जमिनीला टेकवायला सांगितले, श्वास घेताना नव्हे, सोडताना लांबवायला सांगितला. फोन ठेवताना म्हणाल्या, “ताई, हे तुम्हाला पुन्हा पुन्हा होतंय, तर एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात विचारा, नाहीतर खासगीत जा, पण जा.” त्यांनी रोगाचं नाव सांगितलं नाही, ते त्यांचं कामही नव्हतं. कुठल्या दारात जायचं ते सांगितलं. पाच चांदण्या.

आता दवाखाना.

दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान. हे सोयीचं आहे: ओळखीचं कुणी भेटलं तर झेरॉक्सला आले म्हणता येतं. बाहेर पाटीवर डॉक्टरांच्या नावापुढे एम.डी. सायकियाट्री लिहिलंय. आत दुसऱ्या खोलीत बसणाऱ्या मॅडमचं भिंतीवर प्रमाणपत्र आहे, क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एम.फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. हे मी आधी वाचलं नव्हतं, नंतर त्यांनीच सांगितलं की हे बघत जा, कारण ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावतं. गोळ्या लिहितात ते सर, बोलून उपचार करतात त्या मॅडम. दोघं एकाच छपराखाली असणं ही मोठी सोय.

सरांनी माझी फाइल पूर्ण वाचली. वाचताना मधे फोन घेतला नाही. मग पहिला प्रश्न, ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय: “बाई, हे येतं कसं? खटकन येतं की हळूहळू भरत जातं?”

मी म्हटलं, दोन्ही.

“मग दोन्ही वेगवेगळं सांगा.”

पाच महिन्यांत मी दोन्हींची खिचडी करून सगळ्यांना सांगत होते. वेगवेगळं सांगायला लागल्यावर मलाच ऐकू आलं. एक प्रकार बोगद्यातला: एका क्षणी ठीक, दुसऱ्या क्षणी मरण. दुसरा प्रकार तर माझ्या लग्नाआधीपासूनचा. मुलगा क्लासहून दहा मिनिटं उशिरा आला की अपघात झाला असेल. मूल्यांकनाला साहेब येणार असले की आठवडाभर झोप नाही. खांदे कायम आवळलेले, दात रात्री खाल्ले जातात, चिडचिड, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. एक काळजी मिटली की तिच्या जागेवर दुसरी येऊन बसते, एसटीतल्या खिडकीसारखी, रुमाल टाकून ठेवल्यागत. याला आमच्या घरात आजार कुणी म्हटलंच नव्हतं. ‘ही काळजीवाहू आहे’ असं कौतुकाने म्हणायचे.

सरांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे दोन चित्रं काढली. एक सुळका. “हा पॅनिक अटॅक. काही मिनिटांत टोक गाठतो, साधारण दहाच्या आत, आणि मग उतरतो. उतरतोच. शरीर ती भीती तासन्‌तास त्याच टोकाला धरून ठेवू शकत नाही.” दुसरं, आडवं. “हे तुमचं कास पठार. टोक नाही, पण संपतही नाही. अशी काळजी सहा महिने किंवा जास्त, बहुतेक दिवशी असली, आवरता येत नसली आणि झोप, थकवा, आवळलेलं अंग हे बरोबर असलं, की तिला जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर म्हणतात.” मग त्यांनी पठारावर सुळका काढला. “आणि ही तुम्ही.”

अजून एक गोष्ट त्यांनी वेगळी केली, जी मला फार महत्त्वाची वाटली. पॅनिक अटॅक एखाददुसरा कुणालाही येऊ शकतो, तेवढ्याने आजार होत नाही. अचानक, कारणाशिवाय पुन्हा पुन्हा आले, आणि त्यानंतर महिनाभर किंवा जास्त ‘पुन्हा येईल’ या धास्तीने माणूस जगणं बदलायला लागला, तर तो पॅनिक डिसऑर्डर. म्हणजे माझा आजार बोगद्यातली ती दहा मिनिटं नव्हती. अजिंक्यतारा सोडला, तो होता. लोक ज्याला सरसकट ‘अँक्झायटी अटॅक’ म्हणतात, तसं निदानाच्या पुस्तकात नावच नाही, असंही म्हणाले. माझ्या मैत्रिणी दोन्हींसाठी तोच शब्द वापरतात, मीही वापरायचे.

मुंग्यांचं कारण सांगितलं तेव्हा तर मला हसू आलं. घाबरून आपण भराभर श्वास घेतो, त्यात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, म्हणून बोटांना आणि ओठांना मुंग्या आणि डोकं हलकं. हवा कमी पडतेय असं वाटतं, आणि आपण घेत असतो जास्त. सातवी-आठवीला श्वसन शिकवते मी.

थायरॉइड तपासायला सांगितलं, कारण तेही असंच धडधडवतं. नॉर्मल आलं. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, त्याच्या गोळ्या वेगळ्या. चहा दिवसाला सहा कप होता, दोनवर आणला. हे सगळ्यात कठीण गेलं.

औषध एस्सिटालोप्राम, आधी ५, मग १० मिलिग्रॅम. सरांनी आधीच बजावलं होतं: पहिला आठवडा मळमळेल, कदाचित धडधड थोडी वाढेल, गुण दिसायला काही आठवडे लागतील, मधेच सोडू नका, आणि पुढे थांबवायचं तेही मला विचारून, हळूहळू. अगदी तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी गोळ्या फेकून देणार होते, केवळ ‘सांगितलं होतं’ म्हणून थांबले. सोबत क्लोनाझेपाम अगदी कमी डोसात, तीन आठवड्यांपुरतं, कारण त्याची सवय लागते. तीन आठवड्यांनी मी ते पुन्हा मागितलं, त्यांनी दिलं नाही. त्या दिवशी मनातून एक चांदणी काढली होती, आता परत देते.

मेडिकलवाला माझा जुना विद्यार्थी. चिठ्ठी बघून दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात, “बाई, ही कुणासाठी?” मी म्हटलं, “माझ्यासाठी. आणि सुटे पैसे मोजून दे, लहानपणीसारखं चुकू नकोस.” घरी येऊन अर्धा तास हात थरथरत होते, पण उत्तर जमलं होतं.

मॅडमच्या खोलीत एकूण नऊ वेळा गेले. मला वाटलं होतं बालपणाबद्दल विचारतील, रडायला टिश्यू देतील. टिश्यू होते. पण चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, “बाई, फुगडी घालता?”

मी बघतच राहिले.

“मंगळागौरीला घालता ना? गरगरतं, छाती धडधडते, धाप लागते. तेव्हा मरणार असं वाटतं का?”

नाही. तेव्हा हसू येतं.

“मग तेच गरगरणं बोगद्यात आलं तर मरण का?”

टेबल बाजूला सरकवलं आणि आम्ही दोघी चप्पल काढून त्या खोलीत फुगडी घातली. बाहेर नंबर लावून बसलेल्यांना काय वाटलं असेल देव जाणे. थांबल्यावर मला तीच चक्कर, तीच धडधड आली, आणि त्यांनी मला बसू दिलं नाही, भिंत धरू दिली नाही, फक्त घड्याळाकडे बघायला लावलं. दोन मिनिटांत उतरली. पुढच्या वेळी नळीतून श्वास, त्याच्या पुढच्या वेळी जागच्या जागी धावणं. म्हणजे ज्या संवेदनांना मी घाबरत होते त्याच मुद्दाम आणायच्या आणि पळून जायचं नाही. माझं हृदय तपासून झालेलं होतं म्हणून हे करता आलं, नुसतं वाचून घरी कुणी करू नये. गृहपाठही असायचा, वहीत लिहायचा: काय झालं, डोक्यात काय आलं, खरोखर काय घडलं. शिक्षकाला गृहपाठ दिला की काय होतं विचारू नका, दोन वेळा मी तो रिक्षात बसून पूर्ण केला.

मग अजिंक्यतारा. आधी निम्म्यापर्यंत, मग दरवाजापर्यंत. काकांची गोळी परत दिली. पाण्याची बाटली शेवटी सुटली, ती सगळ्यात जिवाभावाची होती. आणि ऑक्टोबरात एसटी. बोगद्यात शिरताना सुळका सुरू झाला, मी मनात सरांचं चित्र काढलं, चढ, चढ, टोक, आणि तेवढ्यात बोगदा संपला. खरं सांगायचं तर माझी थोडी निराशाच झाली. परतीची गाडी घाटातून आली, तिथे काहीच झालं नाही, उलट झोप लागली.

तक्रारी. थांबावं फार लागतं. साडेपाचची वेळ म्हणजे सात धरा. नंबर आला की स्वागताच्या टेबलावरची मुलगी पूर्ण नाव मोठ्याने पुकारते, वडिलांच्या नावासकट. मानसोपचाराच्या दवाखान्यात टोकन नंबर हवा, हे मी तोंडावर सांगितलंय, सुधारलेलं नाही. दोन खोल्यांमधली भिंत प्लायवूडची आहे, आतलं बोलणं शब्दशः नाही पण सूर ऐकू येतो. मॅडम आठवड्यातून दोनच दिवस. पहिल्या वेळी ८००, नंतर ५००, मॅडमचे वेगळे १,०००. माझ्या विमा कंपनीने यातला रुपया दिला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायचं लिहिलंय, पण माझ्या पॉलिसीत भरती झाल्याशिवाय कुठल्याच आजाराचे पैसे नाहीत, म्हणजे बरोबरी अशी झाली. गंमत म्हणजे आयसीयूतल्या त्या रात्रीचे मात्र मिळाले.

पठार अजून आहे, बरंच खाली आलंय. सात प्रश्नांच्या कागदावर मागच्या महिन्यात ६ गुण. मुलगा उशिरा आला तर अजूनही गॅलरीत जाते, पण फोन तिसऱ्यांदा लावत नाही. गोळी चालू आहे, सर उन्हाळ्याच्या सुट्टीत कमी करू म्हणालेत.

साडेचार चांदण्या. अर्धी त्या पुकारण्यासाठी कापली.

शेवटचा सुळका डिसेंबरात येऊन गेला, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत. मी इतिवृत्त लिहीत होते, विषय क्रमांक तीन, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती. उठले नाही, दाराकडे बघितलं नाही, मनगटावरच्या घड्याळात वेळ धरली आणि लिहीत राहिले. सात मिनिटं. त्या पानावर मधल्या चार ओळींचं अक्षर वाकडं आहे, पाचवीपासून सरळ. मुख्याध्यापकांनी खाली सही केली.